सरकत्या झडपेच्या पाठीवरच्या पट्ट्या आणि मधले भोक यांचे काम काय?

कार्यशाळा_शिक्षक यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत एक जुने आडवे वाफेचे इंजिन आहे. ते एका तेलगिरणीतून देणगी म्हणून मिळाले. त्यावर उत्पादकाची नामपट्टी शिल्लक नाही. सिलिंडरचा व्यास 30 सेंमी आणि दट्ट्याची धाव 45 सेंमी आहे. गिरणीत ते 8 किलोच्या (म्हणजे दर चौरस सेंमीला 8 किलो दाबाच्या) वाफेवर मिनिटाला 120 फेऱ्यांनी चालत असे, असे त्यासोबत आलेल्या कागदांत लिहिले आहे. विद्यार्थ्यांना चालते इंजिन पाहता यावे म्हणून ते कॉम्प्रेसरच्या हवेवर साधारण 3 किलो दाबाने फिरवावे असा आमचा विचार आहे. त्या तयारीसाठी आम्ही नुकतेच वाफपेटीचे, म्हणजे स्टीम चेस्टचे, झाकण उघडले.

आत नेहमीची इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची सरकती झडप (सिलिंडरच्या दोन टोकांना आळीपाळीने वाफ देणारी आणि वापरलेली वाफ बाहेर सोडणारी) असेल अशी माझी अपेक्षा होती. झडप तशीच आहे, परंतु तिच्या पाठीवर चारही कडांना समांतर अशा चार खाचा कोरलेल्या आहेत. त्या खाचांत बिडाच्या चार पट्ट्या बसवल्या असून प्रत्येक पट्टीखाली गंजलेली, चपटी, किंचित वाकवलेली स्प्रिंग आहे. पट्ट्यांच्या चौकटीच्या मधोमध सुमारे 12 मिमी व्यासाचे आरपार भोक आहे आणि ते थेट झडपेच्या पोटातल्या एक्झॉस्टच्या, म्हणजे वापरलेली वाफ बाहेर जाते त्या, पोकळीत उघडते. वाफपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस एक सपाट, घासून तयार केलेली प्लेट बोल्टने बसवलेली आहे. त्या प्लेटवर झडपेच्या पट्ट्या घासून उमटलेले चौकोनी चकचकीत पट्टे स्पष्ट दिसतात. एक लांब पट्टी मधोमध तुटलेली आहे.

माझ्या एका सहकाऱ्यांचे मत असे की हे भोक नंतर कोणीतरी पाडलेले असावे, कारण वाफपेटीतली ताजी वाफ त्यातून सरळ एक्झॉस्टमध्ये जाईल आणि वाया जाईल. म्हणून ते ब्रेझिंग करून बुजवावे आणि तुटक्या पट्ट्या काढून टाकून झडप साध्या झडपेसारखी चालवावी. मला हे पटत नाही, परंतु भोकाचे कारणही सांगता येत नाही. घर्षण कमी करण्यासाठी अशी रचना करत असत एवढे मी वाचले आहे. झडपेची लांबी सरकण्याच्या दिशेने 18 सेंमी आणि रुंदी 22 सेंमी आहे. पट्ट्यांच्या आतले क्षेत्र 12.5 सेंमी बाय 17 सेंमी आहे. झडपेची एकूण हालचाल 8 सेंमी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बाष्पगती यांचे उत्तर

सर, ते भोक कृपया बुजवू नका. ते मूळ रचनेचाच भाग आहे आणि पट्ट्यांच्या कामाचा अर्थ त्या भोकामुळेच पुरा होतो. आपण मापे दिली आहेत, त्यामुळे आकडे मांडूनच सांगतो.

साध्या सरकत्या झडपेच्या पाठीवर वाफपेटीतला पूर्ण दाब असतो आणि पोटात एक्झॉस्टचा, म्हणजे जवळजवळ बाहेरच्या हवेइतकाच दाब असतो. या फरकामुळे झडप सीटवर, म्हणजे ती ज्या सपाट पृष्ठभागावर सरकते त्यावर, दाबली जाते. हा दाब उपयोगाचाही आहे, कारण त्यामुळेच वाफ झडपेखालून निसटत नाही. परंतु गरजेच्या मानाने तो फारच जास्त असतो. आपल्या झडपेच्या पाठीचे क्षेत्रफळ 396 चौरस सेंमी आहे. 8 किलो दाबावर तिच्यावर वरून 3168 किलो भार येतो. खालून काही आधार मिळतो, कारण झडपेने झाकलेल्या दोन्ही वाफमार्गांत कोंडलेली वाफ झडपेला वर ढकलत असते. आपल्या सिलिंडरच्या मानाने वाफमार्ग 18 बाय 2.5 सेंमीचे असावेत असे धरू. एका मार्गात दबत आलेली वाफ 8 किलोपर्यंत पोहोचली आहे आणि दुसऱ्यात प्रसरण पावणारी वाफ 3 किलोवर आहे असे मानले, तर हा आधार साधारण 500 किलोचा होतो. म्हणजे सीटवरचा निव्वळ भार 2670 किलोच्या आसपास राहतो.

तेल नीट मिळणाऱ्या बिडाच्या दोन पृष्ठभागांसाठी घर्षणांक 0.1 धरू. तो प्रत्यक्षात वंगणावर फार अवलंबून असतो, तरी अंदाजासाठी ठीक आहे. घर्षणबल 267 किलो झाले. एका फेरीत झडप 16 सेंमी सरकते, म्हणून मिनिटाला 120 फेऱ्यांना सुमारे 1.14 अश्वशक्ती केवळ झडप ओढण्या-ढकलण्यात जाते. आपले इंजिन सरासरी 3 किलो परिणामी दाबावर 50 अश्वशक्तीच्या आसपास असणार, तेव्हा हा खर्च दोन टक्क्यांच्या थोडा वर आहे.

दोन टक्के ऐकून कोणी म्हणेल की यासाठी एवढा खटाटोप कशाला. परंतु खरे नुकसान शक्तीचे नाही. ते 267 किलो झडपेच्या दांड्यावर, पिनांवर, एक्सेंट्रिकच्या (क्रँकच्या दांड्यावरील, झडप हलवणाऱ्या चकतीच्या) पट्ट्यावर दर अर्ध्या फेरीला दिशा बदलून येतात. कुठे जरासा खेळ निर्माण झाला की तेथे ठोका बसू लागतो, ठोक्याने खेळ वाढतो, आणि झडपेची वेळ हळूहळू चुकू लागते. सीट मध्यभागी झिजून खोलगट होते. इंजिन काही दिवस बंद राहून तेलाचा थर निघून गेला असेल, तर सुरुवातीचे घर्षण याहून कितीतरी जास्त असते आणि दांडा वाकण्याची वेळ येते. ज्या इंजिनांत गव्हर्नर, म्हणजे वेग स्थिर ठेवणारे यंत्र, एक्सेंट्रिकची जागा बदलून वाफ तोडण्याचा (सिलिंडरला जाणारी वाफ थांबवण्याचा) क्षण ठरवतो, तेथे तर झडपेचे ओढकाम थेट गव्हर्नरवर परतून येते. मग तो वेगाकडे लक्ष देण्याऐवजी झडपेच्या घर्षणाशीच झुंजत बसतो आणि इंजिनाचा वेग खालीवर होत राहतो. जलद गतीच्या इंजिनांना समतोल झडप हवीच असे जे म्हटले जाई, त्यामागे मुख्यतः हेच कारण होते.

आता आपल्या पट्ट्यांकडे येऊ. चार पट्ट्या वरच्या प्लेटला टेकून झडपेच्या पाठीवर एक बंदिस्त चौकट तयार करतात. चौकटीबाहेर वाफपेटीचा दाब असतो. चौकटीच्या आत तो पोहोचू नये हा हेतू. आतले क्षेत्रफळ 212 चौरस सेंमी, म्हणजे 8 किलो दाबावर सुमारे 1700 किलो भार झडपेवरून उचलला जातो आणि तो झाकणाची प्लेट सोसते. सीटवर उरतात 970 किलो, घर्षण 97 किलो, आणि शक्तीचा खर्च 0.4 अश्वशक्ती. झडपेची ओढ जवळजवळ एक तृतीयांशावर आली.

परंतु पट्ट्या म्हणजे काही वितळवून जोडलेला सांधा नव्हे. त्यांच्या कडांतून, विशेषतः जेथे दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटतात तेथून, वाफ थोडी थोडी झिरपतेच. ही झिरपलेली वाफ चौकटीत साठत गेली तर थोड्याच वेळात आतला दाब बाहेरच्या दाबाइतका होईल, 1700 किलो पुन्हा झडपेच्या पाठीवर येऊन बसतील आणि पट्ट्या असून नसल्यासारख्या होतील. आपले 12 मिमीचे भोक या झिरपणाऱ्या वाफेला एक्झॉस्टकडे वाट करून देते, म्हणून चौकटीतला दाब कायम एक्झॉस्टइतकाच राहतो. वाया जाते ती केवळ पट्ट्यांमधून निसटलेली वाफ. पट्ट्या नीट बसलेल्या असतील तर ती अगदी थोडी असते. आपल्या सहकाऱ्यांची शंका पट्ट्या नसलेल्या झडपेला मात्र पूर्णपणे लागू पडते: पट्ट्या काढून भोक तसेच ठेवले, तर ताजी वाफ खरोखरच सरळ बाहेर जाईल. म्हणून दोन्ही ठेवायचे. एक काढून दुसरे ठेवता येणार नाही.

एक बारकावा मोजमापाचा. समतोल क्षेत्र खाचेच्या आतल्या भिंतीपासून मोजावे, पट्टीच्या मध्यापासून नव्हे. वाफ पट्टीच्या बाहेरच्या बाजूने खाचेत उतरते, पट्टीला आतल्या भिंतीवर रेटते आणि खालून वर उचलून प्लेटला चिकटवते. म्हणजे खाचेच्या तळावर वाफपेटीचाच दाब असतो आणि तेवढा भाग समतोलात धरता येत नाही. यातूनच हेही कळते की स्प्रिंगा हलक्या असल्या तरी चालते. वाफ येण्यापूर्वी पट्टी प्लेटला टेकलेली असावी एवढेच त्यांचे काम. पुढचे काम वाफ स्वतः करते.

धुरांडे यांचे उत्तर

वरील विवेचन उत्तम आहे. एक उपप्रश्न मनात येतो. चौकट मोठी करून झडप शंभर टक्के समतोल का केली नाही? 970 किलो तरी का ठेवायचे?

बाष्पगती यांचे उत्तर

कारण खालून येणारे 500 किलो. चौकट पूर्ण 396 चौरस सेंमीची केली तर वरून काहीच उरत नाही आणि कोंडलेली वाफ झडपेला सीटवरून उचलून प्लेटला चिकटवते. मग ताजी वाफ झडपेच्या कडेखालून सरळ एक्झॉस्टमध्ये आणि सिलिंडरच्या नको त्या बाजूला शिरते. शिवाय खालचा दाब स्थिर नसतो. फेरीच्या प्रत्येक टप्प्याला तो बदलतो. त्यामुळे जो क्षण सर्वांत प्रतिकूल, त्या क्षणीही झडप सीटवर टेकून राहील इतका भार मुद्दाम शिल्लक ठेवावा लागतो. पाठीच्या निम्म्याहून थोडे अधिक क्षेत्र मोकळे करणे हा त्यातला सुरक्षित मध्य होता. आपल्या झडपेत हे प्रमाण 53 टक्के येते, तेव्हा ज्याने ती आखली त्याने विचारपूर्वक आखली आहे.

शेडमास्तर यांचे उत्तर

मी रेल्वेच्या लोको शेडमध्ये वाफेच्या इंजिनांवर काम केले आहे, त्यामुळे आगगाडीच्या बाजूने थोडे लिहितो.

आपण वर्णन केलेली चार पट्ट्यांची झडप अमेरिकेत रिचर्डसन यांच्या नावाने ओळखली जात असे आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळात तेथील आगगाड्यांच्या इंजिनांवर ती सर्रास असे. पट्ट्यांऐवजी गोल कडी वापरणारी रचनाही होती. जहाजांच्या मोठ्या इंजिनांत तर झडपेच्या पाठीवर मोठी कडी बसवून तिच्या आतली जागा कंडेन्सरला (वापरलेली वाफ थंड करून तिचे पाणी करणाऱ्या पात्राला) जोडत, म्हणजे तेथे बाहेरच्या हवेपेक्षाही कमी दाब मिळे. तत्त्व सगळीकडे एकच.

आगगाडीला याची निकड का भासली, ते दाबाच्या आकड्यांवरून दिसते. 1829 च्या रॉकेट इंजिनाचा दाब चौरस इंचाला 50 पाउंडांच्या आसपास, म्हणजे साडेतीन किलो होता. विसाव्या शतकाच्या आरंभी 175 ते 200 पाउंड ही सामान्य गोष्ट झाली. सिलिंडर मोठे झाले तशा झडपाही मोठ्या झाल्या. म्हणजे दाब चौपट आणि क्षेत्रफळही कित्येक पट. चालकाला वाफ तोडण्याचे प्रमाण बदलायचे असे, तेव्हा हाताच्या लिव्हरने सगळी झडपयंत्रणा हलवावी लागे. झडपा समतोल नसतील तर रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारी मुख्य झडप, उघडा असताना लिव्हरची कडी खाचेतून काढणे म्हणजे हात दुखावून घेणे होते. कडी सुटताच लिव्हर झटक्याने पुढे जाई. म्हणून जाणते चालक आधी रेग्युलेटर जवळजवळ बंद करत, वाफपेटीतला दाब उतरू देत, लिव्हर हलवत आणि मग पुन्हा वाफ देत. चढावर हे करायचे म्हणजे गाडीचा जोर जाणारच. समतोल झडपेमुळे लिव्हर हाताच्या ताब्यात राहू लागला.

सपाट झडपेचा एक गुण मात्र येथे सांगितला पाहिजे, कारण आपल्या इंजिनालाही तो लागू आहे. सिलिंडरमध्ये पाणी साचले असेल आणि दट्ट्या त्यावर आदळला, तर पाणी दबत नाही. दाब एकदम वाढतो. अशा वेळी सपाट झडप सीटवरून क्षणभर उचलली जाते आणि पाणी एक्झॉस्टकडे निसटते. सिलिंडरचे झाकण फुटण्यापासून वाचते. समतोल झडपेत हे घडण्यासाठी झडपेची पाठ आणि वरची प्लेट यांच्यात थोडी फट ठेवलेली असते. त्या फटीत पट्ट्या वरखाली होतात आणि झडप तेवढीच उचलली जाऊ शकते. आपण प्लेट पुन्हा बसवताना ही फट जपावी. प्लेट घासून पातळ झाली म्हणून कोणी तिच्यामागे जाड शिम (भरीचा पत्रा) टाकला आणि फट नाहीशी झाली, तर झडप दोन पृष्ठभागांत आवळली जाईल आणि जे घर्षण टाळायचे तेच दुपटीने येईल.

आता तुटलेल्या पट्टीविषयी. शेडमध्ये पट्टी तुटल्याची खूण कानाने ओळखत. इंजिन उभे असताना आणि रेग्युलेटर थोडा उघडा असताना धुराड्यातून एकसारखा फुसकारा येत राहिला आणि सिलिंडरचे ड्रेन कॉक (साचलेले पाणी सोडण्याच्या तोट्या) मात्र कोरडे राहिले, तर वाफ झडपेच्या पाठीवरून भोकात उतरते आहे असे समजत. आपल्यालाही ही चाचणी करता येईल. क्रँक फिरवून झडप मधोमध आणा, म्हणजे दोन्ही वाफमार्ग झाकले जातील. मग हवा सोडा. ड्रेन कॉकमधून हवा आली तर सीटची गळती, आणि केवळ एक्झॉस्टच्या नळीतून एकसारखी हवा आली तर आधी पट्ट्यांचा संशय घ्यावा. झडप थोडी पुढेमागे सरकवूनही हवेचा आवाज बदलला नाही, तर हा संशय आणखी पक्का होतो, कारण पट्ट्यांच्या गळतीला झडपेच्या जागेशी देणेघेणे नसते.

धुरांडे यांचे उत्तर

शेडमास्तर, पुढे भारतातल्या इंजिनांवर या सपाट समतोल झडपा फारशा दिसत नाहीत. भारतीय रेल्वेची डब्ल्यूपी, डब्ल्यूजी या वर्गांची इंजिने घ्या, या सर्वांना पिस्टन व्हॉल्व्ह होते. पट्ट्यांची झडप एवढी चांगली होती, तर ती मागे का पडली?

शेडमास्तर यांचे उत्तर

अतितप्त वाफेमुळे, म्हणजे बॉयलरमधून निघाल्यावर आणखी तापवलेल्या वाफेमुळे. विल्हेल्म श्मिट यांच्या सुपरहीटरची पहिली रेल्वे इंजिने प्रशियात 1898 मध्ये धावली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ही पद्धत जगभर पसरली. ओल्या वाफेत जलबिंदू असतात. तेच पृष्ठभागांना थोडेफार वंगण पुरवतात. अतितप्त वाफ कोरडी आणि फार उष्ण असते. तीत त्या काळची तेले जळून कोळसा होत आणि मोठ्या सपाट पृष्ठभागाची झडप तापून किंचित वाकडी होई. मग समतोलाचे गणित कितीही बरोबर असले तरी सीट खरवडली जाई.

पिस्टन व्हॉल्व्हमध्ये समतोल वेगळ्याने साधावा लागत नाही. दोन सारख्या व्यासाची डोकी एकाच दांड्यावर बसवलेली असतात आणि ती गोल लाइनरमध्ये सरकतात. ताजी वाफ मधोमध आली तर ती एका डोक्याला पुढे आणि दुसऱ्याला तेवढ्याच बलाने मागे ढकलते. आडवे बल शून्य. गोल असल्यामुळे सभोवारचा दाबही एकमेकांना काटतो. शिवाय ताजी वाफ मध्ये आणि एक्झॉस्ट टोकांना असल्याने दांड्याच्या ग्लँडवर (दांडा बाहेर येतो तेथील गळती रोखणाऱ्या सांध्यावर) केवळ एक्झॉस्टचा दाब येतो आणि पॅकिंग दीर्घकाळ टिकते. 1947 पासून आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाचा दाब 210 पाउंड, म्हणजे सुमारे 14.8 किलो होता. त्या दाबाची अतितप्त वाफ सपाट झडपेवर देण्याचा विचारही कोणी केला नसता.

तरीही पिस्टन व्हॉल्व्ह घर्षणमुक्त असतो हा समज बरोबर नाही. त्याच्या कड्यांमागे वाफ शिरते आणि कड्यांना लाइनरवर रेटते. कडी जितकी रुंद, तितका हा रेटा जास्त. सुरुवातीच्या काळात एकच रुंद कडी वापरून तिच्यामागचा दाब सोडून देण्याचे उपाय झाले. घर्षण कमी झाले, परंतु कडी जरा झिजली की तिला लाइनरवर धरून ठेवणारे काही उरत नसे आणि वाफ सर्रास निसटू लागे. ब्रिटनमध्ये एलएमएस रेल्वेने 1920 च्या दशकात क्लॉटन वर्गाच्या इंजिनांची तपासणी केली, तेव्हा कोळशाचा खप वाढण्यामागे या रुंद कड्यांची गळती असल्याचे आढळले. अनेक अरुंद कड्या बसवल्यावर ती आटोक्यात आली. आणि पिस्टन व्हॉल्व्ह सीटवरून उचलला जात नसल्याने पाण्याची सुटका होत नाही. म्हणून सिलिंडरला वेगळे रिलीफ व्हॉल्व्ह द्यावे लागतात.

बाष्पगती यांचे उत्तर

शेडमास्तरांनी रुंद कडीचे जे उदाहरण दिले, ते मला या विषयाचे मर्म वाटते. झडप सीटवर टेकवणारा दाब आणि झडप झिजवणारा दाब एकच असतो. तो नाहीसा केला की घर्षण जाते आणि झडपेचा घट्टपणाही जातो. चांगल्या आखणीत त्यातला किती ठेवायचा हे ठरवलेले असते.

हा विचार सरकत्या झडपेपुरता मर्यादित नव्हता. विल्यम मर्डॉक यांनी 1799 मध्ये सरकत्या झडपेचे पेटंट घेतले त्याच सुमारास कॉर्नवॉलमध्ये जोनाथन हॉर्नब्लोअर यांनी दोन सीटांची उचलती झडप काढली. साधी उचलती झडप दाबाच्या विरुद्ध उघडायची तर तिच्या पूर्ण क्षेत्रफळावरचा भार उचलावा लागतो. हॉर्नब्लोअर यांच्या झडपेला वर आणि खाली अशा दोन सीटा होत्या आणि त्यांच्या क्षेत्रफळांतील थोड्या फरकाइतकाच भार उचलावा लागे. तो थोडा फरक मुद्दाम ठेवलेला असे, म्हणजे झडप बंद झाल्यावर वाफच तिला सीटवर दाबून धरी. कॉर्नवॉलच्या खाणींतील प्रचंड पंपांच्या इंजिनांना याच झडपा होत्या. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने मांडलेल्या इंजिनातही दोन सीटांच्या उचलत्या झडपा होत्या. या झडपांत घासणारा पृष्ठभागच नसल्याने पुढे अतितप्त वाफेचा त्यांना त्रास झाला नाही, आणि युरोपातील मोठ्या स्थिर इंजिनांत त्या दीर्घकाळ टिकल्या.

चार्ल्स पोर्टर यांनी 1862 च्या लंडन प्रदर्शनात दाखवलेल्या जलद इंजिनाच्या वंशातील पोर्टर-अ‍ॅलन इंजिनेही पाहण्यासारखी आहेत. त्यांत सपाट झडप सीट आणि वरची प्लेट यांच्यामध्ये सरकत असे आणि ती प्लेट तिरप्या आधारांवर बसवलेली असे, म्हणजे झीज झाली की प्लेट थोडी सरकवून फट पुन्हा नेमकी करता येई. पट्ट्या नाहीत, कड्या नाहीत. सारी भिस्त फटीच्या अचूकतेवर. कारागिराच्या हाताला एवढे महत्त्व देणारी रचना मला मनापासून आवडते, परंतु रोजच्या वापरात पट्ट्यांची झडप अधिक क्षमाशील ठरली, कारण पट्टी झीज स्वतःच भरून काढते.

कार्यशाळा_शिक्षक यांचे उत्तर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरील आकडेमोड मी सहकाऱ्यांना दाखवली. भोक बुजवण्याचा विचार आम्ही सोडला आहे. उलट विद्यार्थ्यांना हेच गणित प्रात्यक्षिकात द्यावे असे ठरते आहे: झडपेच्या दांड्याला स्प्रिंग काटा लावून, पट्ट्यांसह आणि पट्ट्यांविना, निरनिराळ्या हवेच्या दाबांवर ओढ मोजायची.

दोन शंका उरल्या. तुटलेल्या पट्टीच्या जागी पितळेची पट्टी चालेल का? आणि हवेवर चालवताना वंगणाची वेगळी व्यवस्था हवी का?

शेडमास्तर यांचे उत्तर

पट्टी बिडाचीच करावी, आणि शक्य झाल्यास बारीक कणांच्या चांगल्या बिडाची. आपली प्लेट बिडाची आहे आणि बिडावर बीड चांगले पॉलिश धरते. शिवाय पितळ तापल्यावर बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते. पुढे कधी वाफ दिली तर पट्टी खाचेत आवळून बसेल. पट्टी खाचेत बोटाने सहज वरखाली झाली पाहिजे, पण बाजूला हलता कामा नये. आधी प्लेट सरफेस प्लेटवर (अचूक सपाट प्रमाण प्लेटवर) निळा रंग लावून तपासा. जुन्या चकचकीत पट्ट्यांच्या जागी खोलगट चर पडले असतील तर प्लेट स्क्रेप करून सपाट केल्याशिवाय नवी पट्टी बसवू नका, नाहीतर नवी पट्टी जुन्या चरांच्या कडेवर टेकेल आणि कोपऱ्यांतून गळत राहील. चारही कोपऱ्यांवर सर्वांत जास्त वेळ द्यावा. स्प्रिंगा नव्या करताना जाड करण्याचा मोह टाळावा.

हवेवर चालवताना वंगणाची काळजी वाफेपेक्षा अधिक घ्यावी लागते. कॉम्प्रेसरच्या हवेत वाफेसारखा ओलावा पृष्ठभागावर जमत नाही, त्यामुळे सीट कोरडी पडायला वेळ लागत नाही. दाब 3 किलोच असल्याने भार कमी आहे हे खरे, पण कोरड्या बिडाचा घर्षणांक पाहता तेवढाही सीट खरवडायला पुरेसा आहे. वाफेसाठीचे जाड सिलिंडर ऑइल थंड हवेत नीट पसरणार नाही. त्याऐवजी मध्यम जाडीचे मशीन ऑइल हवेच्या नळीत थेंबाथेंबाने सोडणारा लुब्रिकेटर बसवावा, आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी झाकण लावताना सीट, प्लेट आणि पट्ट्यांना हाताने तेल लावून झडप काही वेळा सरकवून घ्यावी.

बाष्पगती यांचे उत्तर

प्रात्यक्षिकाची कल्पना फार चांगली आहे. एक सूचना करतो. 3 किलो दाबावर, खालचा आधार त्याच प्रमाणात घटला असे धरल्यास, पट्ट्यांविना सीटवरचा भार साधारण 1000 किलो आणि पट्ट्यांसह 360 किलो येतो. म्हणजे काट्यावर अनुक्रमे 100 आणि 36 किलोच्या आसपास ओढ दिसायला हवी. पट्ट्यांविना मोजताना भोक तात्पुरत्या बुचाने बंद करा, नाहीतर हवा सरळ एक्झॉस्टमध्ये जाऊन वाफपेटीत दाबच टिकणार नाही. आणि शक्य असल्यास तिसरे मोजमापही घ्या: पट्ट्या जागेवर, परंतु भोकाला बूच. हवा सोडल्याबरोबर काटा 36 च्या जवळ दिसेल आणि पट्ट्यांतून हवा झिरपत जाईल तसतसा तो वर चढत 100 कडे जाईल. चढायला किती वेळ लागतो त्यावरून आपल्या नव्या पट्ट्या किती घट्ट बसल्या आहेत तेही कळेल. हे मोजमाप झाल्यावर बूच आठवणीने काढून घ्यावे. आकडे मिळाले की कृपया येथे लिहा, मला ते पाहण्याची खरोखर उत्सुकता आहे.